दिवाणखान्यातील वीररस

घराच्या भिंतीवर काय टांगावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, त्यात बाहेरच्याने पडू नये, हे शिष्टाचाराचे वचन आम्हांस मान्य आहे. परंतु भिंत ही केवळ घरमालकाची नसते. घरातील मुले तिच्याकडे पाहत वाढतात, आलेला पाहुणा तिच्यावरून घराची परीक्षा करतो, आणि एखाद्या पिढीतील पुष्कळशा भिंतींवर एकाच जातीची तसबीर दिसू लागली म्हणजे ती आवड खासगी राहत नाही. तो लोकाभिरुचीचा विषय होतो. लोकाभिरुचीविषयी मासिकांतून तक्रार करणे हा तर आमच्यासारख्यांचा जुनाच उद्योग आहे. म्हणून हा लेख.

मराठी मध्यमवर्गाच्या भिंतीचा इतिहास फार लांबचा नाही. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत घाटकोपरला शिळाछापखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर येऊन बसल्या. त्यांच्या शेजारी पुढे हार घातलेले आजोबा आले, टिळक आले, गांधी आले, आंबेडकर आले, आणि किराणा दुकानदाराने दिवाळीत दिलेली दिनदर्शिका आली. कलेच्या दृष्टीने ही भिंत सामान्यच होती, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण तिच्यावरील प्रत्येक मुद्रेचे नाव घरातील आठ वर्षांच्या मुलाला सांगता येत असे. आजच्या भिंतीवरून नाहीसे झाले आहे ते एवढेच.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, सिडकोपासून गारखेड्यापर्यंत ज्या नव्या सदनिका उठल्या आहेत त्यांच्या दिवाणखान्यांत, आणि तरुण मंडळी जेथे संध्याकाळ घालवितात त्या कॉफीगृहांत, अलीकडे एक नवी तसबीर आम्हांस दिसू लागली आहे. गेल्या महायुद्धातील किंवा त्यानंतरच्या एखाद्या युद्धातील छत्रीधारी सैनिकांचे छायाचित्र, कॅनव्हासवर तीन-चार फूट मोठे करून छापलेले, मुद्दाम काळेपांढरे ठेवलेले. कोठे विमानाच्या दारात उभा असलेला एकच जवान, कोठे तोंडाला काळे फासून विमानाची वाट पाहणारी रांग, आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे शेकडो छत्र्यांनी भरलेले आकाश. खाली सोफा, शेजारी कुंडी. चित्राखाली एक अक्षर नाही. अशी चित्रे विकणाऱ्या एका दुकानदारास आम्ही विचारले की, ही माणसे कोणत्या लढाईतील आहेत? त्यावर ‘पडद्याला जुळेल अशी छटा करून देऊ’ असे उत्तर मिळाले. तो बिचारा धंदा करतो. हा प्रश्न त्याला यापूर्वी कोणी विचारला नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते, आणि आमचे भांडण त्याच्याशी नाही. न विचारणाऱ्यांशी आहे.

आमचे म्हणणे असे आहे की, नावगाव असलेल्या माणसांच्या मरणसंकटाचे चित्र नावगाव पुसून शोभेसाठी टांगणे हा शौर्याचा गौरव नव्हे. ती उचलेगिरी आहे, आणि ती सुशिक्षितांनी करावी हे अधिक लाजिरवाणे.

खंदकात चिखलाने माखून बसलेल्या शिपायाचे चित्र दिवाणखान्यात कोणी लावीत नाही; छत्रीधारीच का लावतात? कारण उघड आहे. हे चित्र स्वच्छ असते. त्यात रक्त नाही, शत्रू नाही, प्रेत नाही. पांढऱ्या फुलांसारख्या छत्र्या आणि मोकळे आकाश, एवढेच. पण त्या उडीचा हिशेब जरा पाहावा. लढाईतील उडी सुमारे हजार फुटांवरून, कित्येकदा त्याहूनही खालून घेतात. छत्रीची दोरी विमानातील तारेला अडकविलेली असते आणि ती आपोआप छत्री ओढून काढते; जवानाने करावयाचे ते एवढेच की, आपली पाळी आली म्हणजे दारातून बाहेर पडावयाचे. पुढे जेमतेम एक मिनिट तो अधांतरी असतो. त्या मिनिटात त्याला आडोसा घेता येत नाही, धड नेम धरता येत नाही, वारा नेईल तिकडे जावे लागते, आणि खालचा माणूस बंदूक रोखून उभा असला तरी पाहत राहण्यावाचून गत्यंतर नसते. शिपायाच्या आयुष्यातील सर्वांत असहाय मिनिट आपण निवडले आणि त्यालाच वीररसाचा कळस ठरविले! पराक्रम शोधावयाचा तर तो त्या मिनिटाच्या आधी विमानाच्या दारात शोधावा, किंवा नंतर जमिनीवर. आकाशात जे दिसते ते फक्त सुंदर असते.

जगभर विकल्या जाणाऱ्या एका छायाचित्राचे उदाहरण घेऊ. ५ जून १९४४ च्या संध्याकाळी इंग्लंडातील ग्रीनहॅम कॉमन येथे सेनापती आयझेनहॉवर अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनच्या जवानांशी बोलत आहे. जवानांच्या तोंडाला काळे फासलेले, एकाच्या गळ्यात २३ आकड्याची पाटी. चित्र पाहणारा म्हणतो, वा, काय आवेश! पण या उड्यांत भयंकर प्राणहानी होईल, त्या रद्द कराव्यात, असे हवाई सेनापती ली-मॅलरी याने आयझेनहॉवरला आधीच बजावले होते. आणि मोहीम फसली तर दोष सर्वस्वी माझा, असे स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आयझेनहॉवरने तयार ठेवली होती. एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या चित्रात आवेश दिसेल की नाही याची आम्हांस शंका आहे. किंवा आर्न्हेमचे ते छत्र्यांचे आकाश घ्या. १७ सप्टेंबर १९४४ पासून तेथे सुमारे दहा हजार ब्रिटिश व पोलिश सैनिक आकाशातून उतरले. नवव्या रात्री ऱ्हाईन ओलांडून माघारी आले ते अडीच हजारांहूनही कमी. बाकीचे मेले, पकडले गेले किंवा मागे राहिले. त्या चित्रात तरंगणाऱ्या दर चार माणसांपैकी तिघांचे असे झाले, हे ध्यानात ठेवून त्याखाली चहा घेता येत असेल तर खुशाल घ्यावा.

फ्रान्समधील सेंत-मेर-एग्लीझ गावी नॉर्मंडीच्या उड्यांच्या रात्री जॉन स्टील नावाच्या अमेरिकन जवानाची छत्री देवळाच्या मनोऱ्यात अडकली आणि खाली लढाई चालू असता तो मेल्याचे सोंग करून लटकत राहिला. त्या देवळावर आज एक बाहुला छत्रीसकट टांगून ठेवला आहे, प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात. हा प्रकार आम्हांस फारसा रुचत नाही. तरी पण त्या बाहुल्याला नाव आहे, आणि ते गावातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. आमच्या दिवाणखान्यांतील तसबिरीला तेवढेही भाग्य नाही.

परंतु परदेशची गोष्ट राहू द्या. ‘आम्ही देशाभिमानी आहोत, आम्ही आपल्याच सैन्याचे चित्र लावले आहे,’ असे सांगणारेही आम्हांस भेटतात, आणि विचारले असता ‘एकाहत्तरचे युद्ध, टांगाइल’ असे उत्तर देतात. हे उत्तर ऐकून आम्हांस प्रथम आनंदच होतो, कारण टांगाइलची उडी ही मराठी माणसाने खरोखरच सांगण्यासारखी गोष्ट आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी दुपार कलल्यावर कलाईकुंडा आणि डमडमच्या धावपट्ट्यांवरून विमाने निघाली: आन्तोनोव, पॅकेट, डाकोटा, कॅरिबू, जे हाताशी होते ते. त्यांतून उतरली ती २ पॅरा (मराठा) ही पलटण आणि तिच्या मदतीचा तोफखाना वगैरे, नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांचे. मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडीची वाट लोहाजंग नदीवरील पुंगलीच्या पुलाशी अडवावयाची, हे काम. काही सामान तळ्यांत जाऊन पडले. आसपासच्या खेडुतांनी ते बाहेर काढण्यास आणि वाहून नेण्यास हात लावला. त्याच रात्री पूल हाती आला. दुसऱ्या दिवशी जमालपूरहून १ मराठा लाइट इन्फंट्री येऊन त्यांना मिळाली, आणि १६ तारखेस ढाक्यात पहिले पाऊल टाकणाऱ्यांत २ पॅरा होती. पूर्व बंगालातील त्या पुलाशी दोन मराठा पलटणींची गाठ पडली, ही हकीकत आमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

आता त्या तसबिरीकडे वळू. उडीची बातमी जगभर झाली तेव्हा तिच्याबरोबर छत्र्यांनी भरलेल्या आकाशाचे एक छायाचित्र देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकले. ते टांगाइलचे नव्हते. सैन्याचे त्या वेळचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांनीच पुढे सांगितले आहे की, त्यांनी दिलेले छायाचित्र आग्र्याजवळ पूर्वी झालेल्या सरावाचे होते. सराव संबंध ब्रिगेडीचा असल्याने आकाश गच्च भरलेले दिसत होते. आणि हे जुने चित्र आहे, असे त्याखाली छापलेले नव्हते. पलटण उतरली, परंतु ब्रिगेड उतरली, पाच हजार उतरले, अशी बोलवा झाली. ढाक्यातील शत्रूचे धैर्य खचण्यास त्या बोलवेचा हातभार लागला असे मानतात. युद्धात अशी हूल द्यावी, आणि ती साधली तर देणाऱ्याची पाठ थोपटावी. आम्हांस त्यात गैर काही दिसत नाही. गैर आहे ते पुढचे. शत्रूसाठी रचलेली हूल अर्धशतक उलटल्यावर आमच्याच दिवाणखान्यांत यशस्वी व्हावी, आणि आम्ही आग्र्याच्या सरावाखाली बसून पाहुण्यांना पुंगलीचा पराक्रम सांगावा! चित्राखाली काही लिहिलेले नसले म्हणजे ते कोणाच्याही कामास लावता येते, याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आणि ही २ पॅरा तरी कोठून आली? १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची फेररचना झाली तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण त्या नावाने तिच्यात गेली. ही तीच तिसरी पलटण, जिच्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला. तुकडीतील बाकीचे सारे मेलेले किंवा जखमी झालेले. हा एकटा मशीनगनवर धावून गेला, हातबाँब टाकला, गोळ्या झाडल्या, आणि बंदूक पुन्हा भरण्यास सवड नाही असे पाहून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. रायगड जिल्ह्यात माणगावास त्याचा पुतळा आहे. हे सांगताना आम्ही मूळ विषय सोडला असे कोणास वाटेल, पण सोडलेला नाही. चित्रातील छत्रीला लटकलेल्या माणसामागे अशी परंपरा असते, आणि नाव पुसले की ती सारी पुसली जाते.

छत्र्यांचे चित्र जे सांगत नाही ते पाहावयाचे असेल तर सांगशाकची गोष्ट वाचावी. हिंदुस्थानातील पहिली छत्रीधारी ब्रिगेड, पन्नासावी, १९४१ साली दिल्लीस उभी राहिली. दोन-अडीच वर्षे ती उड्या मारण्यास शिकली, आणि मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपुरात घुसले तेव्हा तिला लढावे लागले ते पायांवर, उखरूलच्या दक्षिणेस सांगशाक नावाच्या नागा खेड्याच्या टेकडीवर. तिच्या मदतीस ज्या तुकड्या होत्या त्यांत चौथी मराठा पलटण होती. टेकडी खडकाची, खंदक तीन फुटांपलीकडे खणता येईना. वेढ्याच्या आत पाण्याचा झरा नाही. राखलेली जागा इतकी आखूड की, विमानांनी छत्र्यांनी टाकलेले अन्नपाणी आणि दारूगोळा पुष्कळसा जपान्यांच्या हाती पडे. आयुष्याची दोन वर्षे छत्रीला दिलेल्या माणसांनी आपल्या तोंडचे पाणी छत्रीला टांगून शत्रूकडे जाताना पाहिले. गावच्या चर्चभोवती हातघाईची लढाई झाली, आणि २६ मार्चच्या रात्री उरलेले लोक जखमींना घेऊन डोंगरांतून इंफाळकडे निघाले. ब्रिगेडीची हानी सुमारे सहाशे. पण त्या दिवसांत कोहिमा-इंफाळच्या संरक्षणाला जो अवकाश मिळाला तो याच टेकडीने मिळवून दिला. सांगशाकचे चित्र टांगलेले आम्ही अद्याप कोठे पाहिले नाही. तेथे आकाशात माणसेच नव्हती. शोभेचे काय होते?

आमच्या मराठवाड्यात उडणाऱ्या शिपायाचे चित्र नवे नाही. कित्येक गावांच्या वेशीवर, पडक्या महादेवाच्या आवारात, शेंदूर फासलेले किंवा नुसतेच पावसात झिजत पडलेले वीरगळ आढळतात. तळच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. तिच्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून आकाशमार्गाने नेत आहेत. सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. यांतील पाथरवट काही अजिंठ्याच्या चित्रकाराच्या तोलाचे नव्हते. पुष्कळांचे काम ओबडधोबडच आहे. परंतु आकाशात उडणारा शिपाई दाखवावयाचा तर त्याच्याखाली त्याचे प्रेत दाखविलेच पाहिजे, एवढी जाण त्या खेडवळ कारागिराला होती. मधली चौकट तेवढी फोडून घरी न्यावी असे कोणाच्या मनात आले नाही. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते हे खरे. ते कोरण्याची गरज नव्हती. दगड त्याच गावात उभा होता आणि वीर कोणाचा कोण हे गाव जाणत होते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही सिंहलाच्या कथेत स्वारी आहे, हत्ती आहेत, लढाई आहे आणि राज्याभिषेकही आहे, सर्व एकाच भिंतीवर. ही भिंत आमच्या शहरापासून शंभरएक किलोमीटरांवर आहे. तिच्या सहलीस जाऊन आलेली मंडळी घरी येऊन विलायती तसबिरीची मधली चौकट टांगतात.

आता आक्षेपांचा विचार करू. कलावादी म्हणतील, छायाचित्रातील रेषा, छायाप्रकाश, रचना यांचा आस्वाद घेण्यास इतिहासाचा दाखला कशाला? फूल आणि डोंगर यांच्या बाबतीत आम्ही हे मान्य करू. पण ज्या क्षणी चित्रातील आकृती हा कोणाचा तरी मुलगा आहे हे तुम्हांस ठाऊक असते, त्या क्षणी निव्वळ रेषेचा आस्वाद हा कलेचा अधिकार राहत नाही, तो मनाचा कोडगेपणा होतो. शिवाय, रेषाच हवी होती तर युद्धाचेच चित्र का निवडले? युद्धाचा दरारा हवा म्हणून. म्हणजे इतिहास हवाच आहे. फक्त त्याची किंमत द्यावयाची नाही.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त: अशा चित्रांनी तरुणांस स्फूर्ती मिळते. कोणत्या तरुणांस, असे आम्ही विचारतो. याच शहरात १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तेथील मुले प्रबोधिनीच्या परीक्षेचा अभ्यास करतात. आमच्या वर्गात कन्नड, सिल्लोड, पैठणकडची मुले बसतात, त्यांतील कित्येक पहाटे अंधारात डांबरी सडकेवर धावून मग व्याख्यानास येतात, कारण भरतीत धावण्याची कसोटी असते आणि घरच्या कोरडवाहू जमिनीत तिसऱ्या भावाला पोट नाही. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत त्यांना चार वर्षांची नोकरी मिळेल आणि त्यांतील चतुर्थांश पुढे कायम होतील, हा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या घरांतून ही तसबीर नसते. ती जेथे आहे त्या घरांतील चिरंजीव पुण्यास किंवा परदेशी संगणकाच्या कंपनीत असतात. तेथे असण्यात काही कमीपणा नाही, आमचेही विद्यार्थी तेथे आहेत. पण स्फूर्तीची भिंत एका घरात आणि धावणारे पाय दुसऱ्या घरात, अशी ही वाटणी झालेली असता स्फूर्तीचे नाव निदान घेऊ नये. शिपायाचा मुलगा होऊन पाहावे: बापाचे चित्र अनोळखी माणसाच्या कॉफीगृहात स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावलेले आहे, आणि ते कोणाचे हे मालकाला ठाऊक नाही.

चित्रांना नावे असली म्हणजे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. १६ डिसेंबर १९७१ च्या ढाक्यातील शरणागतीचे चित्र दिल्लीस लष्करप्रमुखांच्या दालनात होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते तेथून काढून माणेकशॉ सेंटरमध्ये नेले, आणि त्याच्या जागी पँगाँग सरोवर, कृष्णार्जुनाचा रथ व चाणक्य असलेले नवे चित्र आले. त्यावर निवृत्त सेनाधिकाऱ्यांत आणि वृत्तपत्रांत केवढे रण माजले! कोणी बरोबर म्हटले, कोणी चूक. तो वाद आज आमचा नाही. पण वाद झाला, तो का? त्या चित्रात अरोरा कोण, नियाझी कोण, मागे कोण उभे आहे, हे लोकांना ठाऊक होते म्हणून. नाव असलेले चित्र भिंतीवरून हलविले तर माणसे जाब विचारतात. बिननावाचे चित्र या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते, पडदे बदलले की माळ्यावर जाते, आणि कोणी हाक सुद्धा मारीत नाही.

ज्यांनी टांगाइलचे म्हणून ते छत्र्यांचे आकाश विकत घेतले आहे त्यांनी ते उतरवावे, असे आम्ही म्हणत नाही. त्याखाली एक कागद चिकटवावा आणि त्यावर चांगल्या अक्षरात लिहावे: ‘हा आग्र्याजवळील सराव आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलला २ पॅरा (मराठा) ही पलटण उतरली, त्या संध्याकाळचे हे चित्र नव्हे.’ घरातील मूल हे वाचील आणि विचारील की, मग हे येथे का लावले आहे, आणि टांगाइलला काय झाले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर पुंगलीच्या पुलापासून सुरू करावे. सांगावयास एक संध्याकाळ पुरणार नाही.